फांदी वाळलीय का

गेली दहा वर्षं मी फोन पहिल्याच घंटेला उचलतो. ऑफिसातली पोरं हसायची. म्हणायची, मिनागावा साहेबांचा हात फोनवरच झोपतो. त्यांना वाटायचं ही जुन्या माणसाची शिस्त आहे. शिस्त कसली! भीती आहे ती, आणि अजून गेलेली नाही.

हिनाझावाच्या पालिकेत, नियोजन विभागात, मी अडतीस वर्षं पाट्या टाकल्या. खाली गाव, वर डोंगरात अकरा वाड्या. चार महिने बर्फ. प्रत्येक वाडीला एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावर हिवाळ्यात रोज पहाटे बर्फ काढायची गाडी चढायची. गाडी गेली की दूधवाला, पोस्टमन, डॉक्टर, सगळे तिच्या मागून जाऊ शकायचे. गाडी गेली नाही तर वाडी एप्रिलपर्यंत आपल्या जागी आणि आपण आपल्या.

माणसं कमी होत होती, म्हणून वरच्या काही रस्त्यांवर गाडी बंद करायची असं महापौरांच्या मनात होतं. त्यासाठी समिती बसली आणि दोन वर्षं बसूनच राहिली. दर बैठकीत कोणीतरी नाव काढायचं. काझाहारा वाडीचा रस्ता बंद केला तर सेत्सुआजीचं काय? ती तर शाळेत आमच्यासाठी जेवण बनवायची! झालं, तिथेच गाडं अडायचं. मी तेव्हा विभागात दोन नंबरचा, मसुदा लिहिणारा. मनातून चरफडायचो. ही नावं मधून निघत नाहीत तोवर योजना काही व्हायची नाही, असं मी बायकोला जेवताना सांगितल्याचं आठवतं.

आमचं सरकारी वर्ष मार्चअखेर संपतं, त्यामुळे वर्षभराची कामं फेब्रुवारीत आठवतात. वाड्यांची पाहणीही फेब्रुवारीतच निघाली. मी काझाहाराला गेलो तेव्हा पाच घरांपैकी तीन बंद होती. सेत्सुआजी तेव्हा एक्याऐंशीची. तिने मला चुलीजवळ बसवलं, चहा दिला, भाताच्या गोळ्यावर अक्रोड वाटून घातलेली मिसो, सोयाबीनची आंबवलेली चटणी, लावून दिली. खाता खाता मी माझा फॉर्म भरत होतो.

"ही तीन घरं रिकामी का, आजी?"

"रिकामी कशाला असतील? थंडीपुरती लेकांकडे गेलीत. एप्रिलात येतील परत, भांडायला."

फॉर्मवर प्रश्न होता, पाहणीच्या दिवशी घरात कोणी राहतं का. मी तीन वेळा 'नाही' लिहिलं. खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

निघताना तिच्या अंगणातलं झाड दिसलं. भलंमोठं अक्रोडाचं झाड, पण काळंठिक्कर, एक पान नाही. उगाच शहाणपणा करायची मला हौस. म्हटलं, "आजी, हे वाळलंय की. अर्ध्या फांद्या छाटून टाका, बुंधा तरी वाचेल."

आजी इतकी हसली की तिला खोकला आला. "अरे बाबा, तू ऑफिसात कागद कापतोस तेवढेच काप. फेब्रुवारीत अक्रोडाकडे बघून काय कळणार? सगळा वाळकाच दिसतो. सगळ्यात उशिरा जाग येते त्याला. मे येऊ दे. मे महिन्यात जिला पालवी नाही ती फांदी वाळली." मग खाली वाकलेली एक डहाळी धरून तिने अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवा दोरा होता. "दिसलं?"

"दिसलं," म्हणालो.

खाली येताना गाडीत माझंच वाक्य डोक्यात घोळत होतं. फांद्या छाटल्या तर बुंधा वाचेल. आजीचं वाक्य तिच्या अंगणातच राहिलं.

त्या आठवड्यात मी मसुद्याच्या पहिल्या पानावर लिहिलं: वाळक्या फांद्या वेळीच छाटल्या तरच झाड जगतं. समितीत ते वाचलं. मग एक मान हलली, दुसरी हलली. दोन वर्षं जे झालं नव्हतं ते चाळीस मिनिटांत झालं. रस्ता बंद करावा का, हा प्रश्न पुन्हा कोणी विचारलाच नाही. प्रश्न एवढाच उरला की कोणत्या फांद्या, आणि कापायचं कुठून. नावं तर कुठल्या कुठे गेली. फांदीला कोण नावाने हाक मारतं? ज्या म्हाताऱ्या सभासदाला सेत्सुआजीच्या हातचं जेवण आठवायचं तोच म्हणाला, "माळ्याला मन घट्ट करावं लागतं." मला त्याला मिठी मारून पापी घ्यावीशी वाटली.

माझ्या शेजारच्या टेबलावर मिझुहो बसायची. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि तोंडाने फटकळ. बैठकीनंतर म्हणाली, "मिनागावा-सान, वाड्यांना बोटं म्हटलं असतं तर?"

"म्हणजे?"

"थंडीने बोट बधिर झालं तर आपण चोळतो, फुंकर घालतो, काखेत धरतो. कापायचं मनात तरी येतं का?"

"बोटांचं चित्र पत्रकावर बरं दिसणार नाही," मी म्हणालो. मला तो विनोद वाटला होता. ती हसली नाही.

झाडाचं चित्र मात्र झकास आलं. आमच्याकडे चित्राशिवाय सरकारी पत्रक निघत नाही. गुलाबी गालांचं हसरं झाड, एका हातात छोटी कात्री, आणि कापलेली फांदीसुद्धा खाली पडता पडता हसतेय. प्रत्येक घरी एक पत्रक गेलं. योजनेच्या फायलीवर सह्यांच्या जागी सगळ्यांचे नावाचे शिक्के बसले. हाताखालच्याने आपला शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा असतो, वरच्याच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा. माझा शिक्का फार सुरेख कलला होता. काझाहाराच्या ज्या पाहणीत तीन घरं 'नाही' होती तीच पाहणी त्या फायलीत जोडलेली होती.

काझाहाराची गाडी बंद झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. फेब्रुवारीच, दुसरा कुठला असणार? सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. टेबलावर फायलींचा डोंगर, फोन चार-पाचदा वाजला तेव्हा उचलला.

"नियोजन विभाग, मिनागावा."

पलीकडे नुसता श्वास. मग आवाज आला, "मिनागावा-सान का... माफ करा हं. चुकून लागला. कामात असाल."

फोन बंद झाला.

मी आवाज ओळखला होता. हे मी दहा वर्षं कोणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. मी आवाज ओळखला होता. क्षणभर वाटलंही, उलट फोन करावा. पण चुकून लागला असं ती स्वतःच म्हणाली होती, दुसरा फोन वाजत होता, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी ते विसरून गेलो.

चार दिवसांनी पोलीस बर्फ तुडवत काझाहाराला पोहोचले, कारण मुलाने लावलेला फोन कोणी उचलत नव्हतं. सेत्सुआजी फोनशेजारी पडलेली होती. अंगात कोट होता. बाजूला पिशवी भरलेली. पिशवीत विम्याचं कार्ड, टॉवेल, कपड्यांचा एक जोड, चष्मा. दवाखान्यात जायची सगळी तयारी तिने केली होती. फक्त या म्हणून सांगायचं राहिलं होतं.

मुलगा ऑफिसात आला. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं. तो कमरेतून वाकला आणि म्हणाला, "आईमुळे तुम्हाला सगळ्यांना फार त्रास झाला. माफ करा." मग त्याने तिच्या फोनमधली नोंद दाखवली. पालिकेचा नंबर, अकरा चाळीस, नऊ सेकंद. "चुकूनच लागला असेल," तोच मला समजावत होता. "मी तिला किती वेळा म्हटलं, बरं वाटत नसेल तर रुग्णवाहिका बोलाव. ती म्हणायची, वाळक्या फांदीला पाणी घालायला कोण येणार, आणि का म्हणून यावं? ते तुमचं पत्रक तिने फ्रिजवर लावलं होतं. झाड गोड आहे म्हणायची."

तो गेल्यावर घड्याळ लावून नऊ सेकंद मोजले. फार असतात. 'आजी, काय होतंय?' हे त्यात तीनदा विचारून होतं.

माणसाचं भूत झालं तर भिक्षूला बोलावून सूत्रं म्हणून घेता येतात. शब्दाच्या भुताला कोणाला बोलवायचं? माझं वाक्य शेजारच्या पालिकेने उचललं, मग जिल्ह्याने. मार्गदर्शक पुस्तिकेत छापलं. मला व्याख्यानांना बोलावणी आली, आणि लाज सांगायची तर मी गेलो. एकदा घरी टीव्हीवर कोणी तज्ज्ञ दवाखान्यांबद्दल बोलत होता, माझ्या ओळखीचंही गाव नव्हतं ते, आणि त्याने अगदी माझ्याच लयीत वाक्य म्हटलं: वाळक्या फांद्या वेळीच. बायको म्हणाली, "अगंबाई, तुमचं!" मी उठून अंगणात गेलो. तो शब्द जिथे जायचा तिथे आधी माणसांची नावं पुसायचा, मग फोन गप्प करायचा. मला दर फेब्रुवारीत सकाळी अकरा चाळीसला टेबलावरचा फोन श्वास घेतोय असं वाटायचं. मी उचलून बघायचो. नुसता सूर लागलेला असायचा.

गेल्या वर्षी बारा वर्षांची जुनी योजना संपत आली आणि नवी योजना माझ्याच टेबलावर आली. आता मी विभागप्रमुख, एकतीस मार्चला निवृत्त होणारा. मसुदा खालच्या तरुणाने लिहिला होता, पहिल्या पानावर माझं वाक्य आदराने जसंच्या तसं. छाटायच्या यादीत या खेपेला नागासुगे वाडी होती. सात घरं, नऊ माणसं. तिचा रस्ता वाचवायचा एक मार्ग नियमात होता: वाडीने लेखी विनंती केली तर तो यादीतून काढता येत होता. मी फॉर्म घेऊन स्वतःच वर गेलो. वाटलं, एवढं एक काम करून घरी बसू.

नागासुगेच्या सभाघरात रॉकेलची शेगडी पेटवून नऊच्या नऊ माणसं बसली होती. मोहरीच्या पाल्याचं लोणचं, चहा. मी फॉर्म पुढे सरकवला. म्हटलं, "इथे सही करा. पालिकेला रस्ता चालू ठेवावा लागेल."

कुमाझो आजोबा, वाडीचे मुख्य, वय अठ्ठ्याऐंशी, यांनी फॉर्मला हातही लावला नाही. "साहेब, उगाच आमच्यासाठी जीव काढू नका. आम्ही वाळक्या फांद्या. आम्हाला कळतं."

"असं म्हणू नका."

"तुम्हीच तर लिहिलंत!" आजोबा कौतुकाने म्हणाले. "फार बरोबर लिहिलंत. मी तर पोरांना सांगतो, चांगली फांदी तीच जी आपणहून गळून पडते. माळ्याला शिडी लावायला लागता कामा नये."

सगळे समजूतदारपणे हसले. मी माझा शब्द परत घ्यायला आलो होतो, आणि तो शब्द आता त्यांचा झाला होता. त्यांनी तो देवघरात ठेवला होता.

मग मी सांगून टाकलं, दहा वर्षांत पहिल्यांदा. सेत्सुआजी, अक्रोडाचं झाड, नखाने खरवडलेली साल, मी मागे ठेवून आलेला मे महिना. तो फोन. मी आवाज ओळखला होता, हेही. बोलता बोलता मी म्हाताऱ्यांपुढे रडलो, साठ वर्षांचा घोडा.

कोणीतरी माझ्या पुढ्यात ऊन ऊन चहा ठेवला. कुमाझो आजोबांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "मनाला लावून घेऊ नका, साहेब. फार चांगलं मरण आलं तिला. शेवटपर्यंत कोणाला त्रास दिला नाही. आम्हालाही तसंच यावं."

"यावं बाई," एक म्हातारी म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या क्षणी शेगडी लाथाडावीशी वाटली. फॉर्म कोराच होता. मी तो पिशवीत घातला, वाकून नमस्कार केला, निघालो.

गाडीचं दार उघडत होतो तेवढ्यात मागून बर्फात पावलं वाजली. फुकुआजी होती, आत कोपऱ्यात बसून एक शब्दही न बोललेली, एकोणऐंशीची, एकटी राहणारी. तिने अक्रोडांची थैली माझ्या हातात कोंबली. मागे सभाघराकडे बघून घेतलं. मग इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं.

"साहेब, ते... मे महिन्यापर्यंत थांबता येईल का?"

मी थैली गाडीच्या टपावर ठेवून तिच्याकडे वळलो.

"नाही म्हणजे, नियमात बसत नसेल तर राहू द्या. मी आपलं सहज विचारलं. आत सांगू नका हं."

"थांबतो," मी म्हणालो. अडतीस वर्षांत अधिकार नसताना बोललेलं माझं पहिलं वाक्य. मग कार्डामागे घरचा नंबर लिहून दिला. "काहीही झालं तरी फोन करा. मध्यरात्री करा, पहाटे करा."

"छे, तुम्हाला कशाला त्रास," ती म्हणाली, पण कार्ड तिने आत, कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवलं.

नवी योजना एकतीस मार्चपर्यंत मंजूर झाली नाही तर जुनी आपोआप एक वर्ष पुढे चालते, आणि जुन्या योजनेत नागासुगेचा रस्ता चालू होता. माझा शिक्का बसल्याशिवाय फाईल वर जाणार नव्हती. मी ती खणात ठेवली आणि कुलूप लावलं. तरुण पोरगा रोज येऊन वाकून विचारायचा. मी म्हणायचो, वाचतोय. शेवटच्या दिवशी महापौरांनी बोलावून झापलं, इतकं की बाहेर टंकलेखन थांबलं. संध्याकाळी मला फुलांचा गुच्छ मिळाला, टाळ्या वाजल्या, मिझुहोने कोणाच्या नकळत माझा हात दाबला. खणाची किल्ली माझ्या खिशात होती. ती मी दोन एप्रिलला टपालाने परत पाठवली.

मिळालं काय, तर एक हिवाळा. नवी योजना यंदा होईलच. वाक्य पहिल्या पानावर असेल.

मे महिन्यात मी काझाहाराला जाऊन आलो. घरं आता पाचही बंद आहेत, एकाचं छप्पर बसलंय. सेत्सुआजीच्या अंगणातलं झाड इतकं हिरवं झालं होतं की मागचं घर दिसत नव्हतं. मी फार वेळ थांबलो नाही.

या जानेवारीत, सकाळी नाश्ता करत असताना, घरचा फोन वाजला. पहिल्या घंटेला उचलला.

"मिनागावा."

श्वास. मग बारीक आवाज. "माफ करा हं. चुकून लागला."

"फुकुआजी! ठेवू नका!" मी ओरडलो. बायकोच्या हातातली वाटी पडली. पण पलीकडून फोन ठेवलेला होता. उलट लावला, वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मी रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला.

"नागासुगे वाडी, शेवटचं घर. लगेच निघा."

"रुग्णाला काय होतंय?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"माहीत नाही. तिने मला फोन केला आणि चुकून लागला म्हणाली."

"चुकून लागला?" ती गोंधळली. "साहेब, मग खरंच चुकून..."

"नाही लागला चुकून! मला माहीत आहे ना. मी एकदा सोडून दिलाय हा फोन. तुम्ही निघा, मी पुढे जातो."

ती काहीतरी टिपत होती. मी कोट शोधत होतो, एका हाताने, दुसऱ्या हातातला फोन न ठेवता.

"वर बर्फ खूप आहे. रस्ता चालू आहे का?"

"चालू आहे," मी म्हणालो. "या वर्षीपुरता आहे."